जुन्या ट्रकचे हायड्रॉलिक ब्रेक : घरी काय दुरुस्त करता येते, काय बदलावेच लागते आणि खर्चासाठी कोणती योजना उपयोगी पडते

तुम्ही मुद्रा कर्जावर किंवा स्वतःच्या बचतीतून जुना टेम्पो किंवा छोटा ट्रक घेतला असेल, पासिंगची तारीख जवळ आली असेल आणि ब्रेक ढिला लागत असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. हप्ता भरल्यावर गॅरेजच्या बिलाला पैसे उरत नाहीत, म्हणून अनेक मालक-चालक ब्रेकचे काम घरीच करतात. त्यातले काही काम घरी करण्यासारखे असते, काही नसते. तो फरक कसा ओळखायचा ते येथे सांगितले आहे.

थोडक्यात उत्तर असे : रबरी किट बदलणे, ब्रेक ऑइल बदलणे, शू सेट करणे आणि लाइनमधली हवा काढणे ही कामे पाना-पकडीची सवय असलेला माणूस अंगणात करू शकतो. सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर चऱ्या किंवा गंजाचे खड्डे पडले असतील, तर तो सिलेंडर घरी दुरुस्त होत नाही. तो बदलायचा.

ही माहिती कोणत्या गाडीसाठी आहे?

टाटा ४०७ सारखे हलके ट्रक, पिकअप आणि तशा मालवाहू गाड्या, ज्यांचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो, त्यांच्यासाठी. चासीखाली हवेची टाकी असेल आणि ब्रेक सोडताना ‘फुस्स’ असा आवाज येत असेल, तर ती गाडी एअर ब्रेकची आहे. तिच्या चाकाजवळच्या गोल डब्यात जबर दाबलेली स्प्रिंग असते. तो डबा घरी खोलताना स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. काही जुन्या ट्रकमध्ये हवा आणि ब्रेक ऑइल दोन्ही असतात. तीही गाडी वर्कशॉपमध्येच न्या.

पेडल काय सांगते?

गाडी खोलण्याआधी पेडल तपासा. निम्मे निदान तिथेच होते.

पेडल खाली जाते, पण भराभर दोन-तीनदा मारल्यावर वर येते आणि कडक लागते : बहुतेक वेळा शू आणि ड्रममधले अंतर वाढलेले असते. हे सगळ्यात स्वस्त काम. चाक जॅकवर घेऊन फिरवा, अॅडजस्टर आवळून शू ड्रमला लागू द्या, मग चाक मोकळे फिरेपर्यंत थोडा सोडा. अनेकदा यानेच काम भागते आणि किटचा खर्च वाचतो.

पेडल मऊ, स्पंजासारखे लागते : लाइनमध्ये हवा आहे. हवा आपोआप येत नाही. कुठून आली ते शोधल्याशिवाय नुसती काढून उपयोग नाही.

पाय दाबून धरला की पेडल हळूहळू बुडत जाते आणि बाहेर कुठेही ओल दिसत नाही : मास्टर सिलेंडरची रबरे आतल्या आत दाब सोडत आहेत. सिग्नलला उभे असताना हे लक्षात येते. उतारावर लक्षात आले तर उशीर झालेला असतो.

डब्यातले ऑइल कमी होते, पण चाकांवर किंवा पाइपवर ओल नाही : मास्टर सिलेंडरच्या मागच्या सीलमधून ते व्हॅक्यूम बूस्टरमध्ये जात असेल. गाडी एका बाजूला ओढते आणि त्या किंवा समोरच्या टायरच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसतो : व्हील सिलेंडर गळतो आहे. ब्रेक सोडल्यावरही चाक धरून राहते आणि ड्रम तापतो : रबरी होज आतून फुगून बंद झाला असेल, पिस्टन अडकला असेल किंवा पेडलला मोकळी चाल उरली नसेल.

बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडे खाली सरकले तर बूस्टर काम करतो आहे. सरकले नाही तर व्हॅक्यूम पंप, त्याचा पाइप किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी गेले आहे. ते काम घरचे नाही.

‘ब्रेक ऑइल’ हे तेल नाही

आपल्याकडे सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात आणि याच नावामुळे बरेच नुकसान होते. डबा रिकामा दिसला की कोणीतरी त्यात थोडे इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक जॅकचे तेल ओतते, किंवा सिलेंडर डिझेलने धुऊन लावते. ब्रेकमधली रबरे खनिज तेल सहन करत नाहीत. ती फुगतात, मऊ होतात आणि पिस्टनला अडकतात. परिणाम एका चाकापुरता राहत नाही, कारण द्रव सगळीकडे फिरतो. असे एकदा झाले की मास्टर सिलेंडरपासून शेवटच्या चाकापर्यंत प्रत्येक रबर आणि होज बदलावा लागतो आणि पाइप धुऊन काढावे लागतात. थोड्या पैशांच्या बचतीसाठी सगळ्या ब्रेकचा खर्च अंगावर येतो.

गाडीच्या डब्याच्या झाकणावर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते. तेच वापरा. ‘डॉट ५’ हे सिलिकॉनचे वेगळे द्रव आहे, ते यात मिसळत नाही. बाटली सीलबंद घ्या. उघडलेली, अर्धी वापरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. हे द्रव हवेतले पाणी शोषून घेते. ताजे डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ती मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. भरलेली गाडी लांब घाट उतरत असेल आणि चालक सतत ब्रेकवर पाय ठेवून असेल, तर चाकाजवळचे द्रव एवढे तापणे अवघड नाही. मग त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल सरळ तळाला टेकते. खाली आल्यावर गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागतो आणि मेकॅनिकला काहीच दोष सापडत नाही. कसारा किंवा खंबाटकी घाटात ‘ब्रेक गेला होता, पण आता ठीक आहे’ असे कोणी सांगितले, तर आधी ब्रेक ऑइलचे वय विचारा. साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. काळे किंवा गढूळ झाले असेल तर त्याआधीच.

हे द्रव रंग खाते आणि डोळ्यांत गेल्यास इजा करते. सांडले तर लगेच पाण्याने धुवा. काढलेले जुने ब्रेक ऑइल परत डब्यात कधीच ओतू नका.

सिलेंडर उघडून काय बघायचे?

आधी गाडी सपाट, कडक जमिनीवर लावा. जी चाके उचलायची नाहीत त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावा. जॅकवर उचललेली गाडी स्टँडवर किंवा जाड लाकडी ओंडक्यांवर टेकवल्याशिवाय खाली हात घालू नका. विटा वापरू नका, त्या फुटतात. ड्रम काढल्यावर आतली धूळ हवेने किंवा फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात गेलेली परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या. हे काम चालू असताना मुलांना जवळ येऊ देऊ नका.

व्हील सिलेंडरच्या टोकाची रबरी टोपी बोटाने उचला. आत किंचित ओलसरपणा चालतो. द्रव ओघळत असेल तर सिलेंडर खोला. पिस्टन, रबरे आणि स्प्रिंग काढताना कोणता भाग कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दिशेला होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग आतली नळी स्वच्छ ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने धुवा, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि उजेडात धरा.

आता नखाची परीक्षा. नख आतून हळूच फिरवा. भिंत गुळगुळीत लागली, फक्त डाग दिसतात पण नख कुठे अडत नाही, तर नवीन किट टाकून तो सिलेंडर वापरता येतो. नख चरीत किंवा खड्ड्यात अडले तर सिलेंडर बाद. यात मधला मार्ग नाही, कारण रबराची कड त्याच जागेवरून दिवसातून शेकडो वेळा जाते.

बरेच जण इथे काडीला पॉलिश पेपर गुंडाळून सिलेंडर आतून घासतात. चकाकी येते आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात नळी वाकडी-तिकडी आणि थोडी मोठी होते. रबर मात्र ठरलेल्या मापाचेच असते. जोरात दाबल्यावर ते फुगून भिंतीला चिकटते, म्हणून अंगणात ब्रेक छान लागतो. हलक्या दाबाला मात्र ते कडेने गळते आणि थोड्याच दिवसांत टायर पुन्हा ओला दिसतो. लोखंडी सिलेंडरला होन मारणे हे वर्कशॉपचे काम आहे. तिथे माप घेऊन ठरवता येते की तो अजून मर्यादेत आहे की नाही. अॅल्युमिनियमच्या सिलेंडरला तर होनही मारायचा नसतो, कारण आतला कडक थर निघून गेला की खालचा मऊ धातू लवकर झिजतो.

गाडी फार जुनी असून नवा सिलेंडर बाजारात मिळतच नसेल, तर लेथवर नळी मोठी करून आत स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह बसवतात. चांगल्या कारागिराने केली तर ती टिकते. पण आधी नवा भाग शोधा. स्लीव्हची मजुरी आणि नव्या व्हील सिलेंडरची किंमत शेजारी ठेवून पाहिली की बहुतेक वेळा नवाच परवडतो.

मास्टर सिलेंडरचे किटही बाजारात मिळते, पण ते घरी टाकू नये असा आमचा सल्ला आहे. व्हील सिलेंडर चुकीचा बसला तर गळून ते दाखवतो. मास्टर सिलेंडरची चूक बाहेर दिसत नाही, ती थेट पायाखालीच कळते. जुन्या गाड्यांमध्ये चारही चाकांना एकच लाइन असू शकते. मास्टर सिलेंडरमधून किती पाइप निघतात ते पाहा. एकच निघत असेल, तर कुठेही मोठी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. अशा गाडीत मास्टर सिलेंडर अख्खा नवा घालणे आणि हँडब्रेक नेहमी चालू स्थितीत ठेवणे शहाणपणाचे.

किट बसवताना

रबराची खोलगट बाजू द्रवाकडे असते. उलटी बसली तर दाब धरणार नाही. बसवताना ताजे ब्रेक ऑइल लावा, साधे ग्रीस नाही. पाइपचा नट आवळताना आटे आधी हाताने बसू द्या, मग पाना लावा. एका चाकाचे किट बदलले तर त्याच एक्सलच्या दुसऱ्या चाकाचेही बदला. त्याचे कारण पुढे पासिंगच्या भागात येईल.

लायनरवर ब्रेक ऑइल सांडले असेल तर तो लायनर गेला. तो पेट्रोलने धुणे किंवा जाळून ‘सुकवणे’ ही रस्त्यावरची पद्धत आहे. वरून कोरडा दिसतो, पण तापला की आतले तेल पुन्हा वर येते.

सगळ्यात धोकादायक जुगाड वेगळाच आहे. गळणाऱ्या चाकाचा पाइप दुमडून, ठोकून किंवा आत छर्रा घालून बंद करायचा आणि तीन चाकांच्या ब्रेकवर माल पोहोचवायचा. रिकाम्या गाडीत फरक जाणवतही नाही. भरलेल्या गाडीत, पावसात जोरात ब्रेक मारला की गाडी ज्या बाजूचा ब्रेक लागतो त्या बाजूला फिरते. गळणाऱ्या ब्रेक पाइपला डाग देणेही असेच आहे. पेडल जोरात दाबल्यावर आत जो दाब तयार होतो तो हा सांधा धरत नाही. रस्त्यात असे झाले तर माल दुसऱ्या गाडीत भरा किंवा गाडी टोइंग करून आणा.

हवा काढण्याचा क्रम

दोन माणसे लागतात. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचे डावे असते. मग मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. आत बसलेला माणूस पेडल दाबून धरतो, खालचा निपल सोडतो, बुडबुडे आणि द्रव बाहेर येतात, निपल बंद होतो, मगच पेडल सुटते. ‘दाब’, ‘धरला’, ‘सोड’ हे शब्द आधी ठरवून घ्या. निपल उघडा असताना पेडल सुटले की हवा परत आत जाते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. डबा मध्येच रिकामा झाला तरी तेच.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जुन्या मास्टर सिलेंडरचा पिस्टन रोज अर्ध्याच अंतरापर्यंत जातो. पुढच्या भागात गंज आणि गाळ साठलेला असतो. हवा काढताना पेडल पूर्ण तळाला दाबले की रबर त्या भागावरून घासते आणि कापते. म्हणून ‘हवा काढली आणि मास्टर गेला’ असे होते. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणार नाही.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक जोड बघायला सांगा. मग रिकामी गाडी मोकळ्या मैदानात माणसाच्या चालीने आणि नंतर थोडी वेगाने चालवून ब्रेक मारा. गाडी सरळ थांबली पाहिजे. माल भरण्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातली पातळी पुन्हा बघा.

पासिंगमध्ये काय तपासतात?

मालवाहू गाडीचे फिटनेस प्रमाणपत्र, म्हणजे पासिंग, गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी करावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार हे प्रमाणपत्र नसलेल्या मालवाहू गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

स्वयंचलित चाचणी केंद्रात गाडीची चाके रोलरवर उभी करून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो ते यंत्र मोजते. डाव्या आणि उजव्या चाकांतला फरकही त्यात दिसतो. म्हणूनच एका बाजूला नवे किट आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवून चालत नाही. रस्त्यावर ‘थोडी ओढते’ म्हणून सोडून दिलेला दोष रोलरवर लपत नाही.

खर्चासाठी कोणती योजना?

स्पष्ट सांगायचे तर खालील कोणत्याही योजनेत ब्रेक दुरुस्तीसाठी अनुदान नाही. कोणी ‘ट्रक दुरुस्ती अनुदान’ मिळवून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

प्रधानमंत्री मुद्रा योजना (८ एप्रिल २०१५ पासून) ही कर्जाची योजना आहे. शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. तरुण कर्ज पूर्ण फेडलेल्यांना तरुण प्लसमध्ये २० लाखांपर्यंत अर्ज करता येतो. मालवाहतुकीचा व्यवसाय यात बसतो. गाडीची दुरुस्ती हा व्यवसायाचा चालू खर्च आहे, म्हणून त्यासाठी खेळते भांडवल मागा. आधीचे मुद्रा कर्ज असेल आणि हप्ते वेळेवर जात असतील, तर प्रथम त्याच शाखेत विचारा. मोबाइल अॅपवरच्या झटपट कर्जापेक्षा हा मार्ग हळू आहे, पण व्याजाच्या दृष्टीने बराच सुरक्षित आहे. सोबत आधार, पॅन, बँक पासबुक, गाडीचे आरसी, विम्याचे कागद आणि गॅरेज किंवा स्पेअर पार्टच्या दुकानाचे लेखी कोटेशन न्या. सुटे भाग घेतानाही पक्के बिल घ्या. नकली किट हुबेहूब खोक्यात येते. बिल मागितल्यावर दुकानदार टाळाटाळ करत असेल तर दुसरे दुकान बघा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. वय १८ ते ७० आणि बँक किंवा पोस्टात खाते एवढीच अट आहे. तुमच्याबरोबर क्लीनर जात असेल तर त्याच्याही खात्यातून हे सुरू करून घ्या. हे काम तुम्ही इतरांसाठीही करत असाल, तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाला मान्यता देणारी परीक्षा असते. प्रमाणपत्र असेल तर वर्कशॉपमध्ये नोकरी किंवा कर्ज मागताना दाखवता येते.

आणि गाडी दुरुस्त करण्यासारखी राहिलीच नसेल तर? सिलेंडर, ड्रम, पाइप, बूस्टर सगळेच बदलायला आले आणि चासीही गंजली असेल, तर दोन कोटेशन घ्या : एक दुरुस्तीचे, एक नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राचे. अशा केंद्रात गाडी दिल्यावर ठेव प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून नवी गाडी घेतली तर नोंदणी शुल्क माफ होते आणि राज्याच्या नियमांप्रमाणे मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. दिल्ली आणि भोवतालच्या भागात जुन्या डिझेल गाड्यांचे नियम वेगळे आहेत, तिथे गाडी चालवत असाल तर दुरुस्तीवर खर्च करण्याआधी ते तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर स्क्रॅपला देण्यापूर्वी बँकेचे ना-हरकत पत्र घेऊन आरटीओत तो उतरवून घ्या.